कांद्याची काळी बुरशी व बाष्पनशील तेले

साठवणीतील कांदा सडवणाऱ्या रोगांपैकी काळी बुरशी हा प्रमुख रोग. कारक कवक ॲस्परजिलस नायजर. मान नीट न वाळलेल्या किंवा काढणीत खरचटलेल्या कांद्यात ते शिरते. सुके टरफल सोलले की आतल्या पापुद्र्यावर शिरांच्या रेषेत काजळीसारखी भुकटी दिसते आणि ती बोटाला लागते. हेच कवकाचे बीजाणू. ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान व दमट हवा त्याला मानवते. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये कांदाचाळीत भरलेला उन्हाळ कांदा पावसाळाभर नेमका याच हवेत राहतो.

लवंग, दालचिनी, ओवा, गवती चहा यांची ऊर्ध्वपातनाने काढलेली तेले या कवकाची वाढ रोखतात. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, तर गवती चहात सिट्रल हा मुख्य घटक. हे घटक कवकाच्या पेशीपटलात शिरून त्याची बांधणी बिघडवतात व पेशीद्रव बाहेर झिरपते. तेलाच्या वाफाही परिणामकारक असल्याने कांदा ओला करावा लागत नाही, ही मोठी सोय. ओला कांदा म्हणजे सडीला आमंत्रणच.

मात्र प्रयोगशाळेतील काचेच्या बशीतले यश चाळीत जसेच्या तसे उतरत नाही. हवेशीर चाळीत वाफ टिकत नाही, मात्रा वाढवल्यास पापुद्रे भाजतात, कांद्याला परका वास लागतो व खर्चही वाढतो. तेल कायटोसान या नैसर्गिक बहुलकाच्या लेपात किंवा सूक्ष्म कोशांत बांधून सावकाश सोडण्याचे प्रयोग त्यासाठीच होतात. बंदिस्त कोठारात ही तेले पूरक उपाय ठरू शकतात. उघड्या चाळीत मात्र मान पूर्ण सुकवणे आणि खरचटलेला माल वेगळा काढणे हेच अधिक भरवशाचे.