लखनौचा चहा नवाबी नव्हे

लखनौच्या प्रत्येक चवीला ‘नवाबी’ म्हणायची रीत पडली आहे. चौकात अकबरी दरवाजाजवळ मिळणारा गुलाबी चहा असो, की घरचा आले घातलेला दूध-साखरेचा चहा, दोन्हींना ते बिरूद चिकटते. सनावळ्या मात्र साथ देत नाहीत. चहाचे मळे लावणारी आसाम कंपनी निघाली १८३९ मध्ये आणि लखनौचे नवाब वाजिद अली शाह यांचे राज्य खालसा झाले १८५६ मध्ये. त्या काळात आसामचा चहा प्रामुख्याने लंडनच्या बाजारासाठी पिकत होता. सामान्य घरांत तो रुजला विसाव्या शतकात, आणि रुजवला तो दरबाराने नव्हे, जाहिरातीने. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकातल्या मंदीत चहाचे भाव कोसळल्यावर मळेवाल्यांनी देशी गिऱ्हाइकाकडे अधिक जोमाने मोर्चा वळवला. रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतले फलक झळकले, चहा करून दाखवण्याचे प्रयोग झाले.

या प्रचाराने सवय लावली, पण कृती बदलली नाही. फलकांवरचा धडा असा : किटली गरम करा, माणशी एक चमचा पत्ती घाला, उकळते पाणी ओता, पाच मिनिटे झाकून ठेवा, दूध वरून घ्या. उत्तरेतल्या घरांनी पाणी, पत्ती, दूध, साखर आणि आले एकाच भांड्यात चुलीवर चढवले. याला अडाणीपणा म्हणणे चूक आहे, कारण पत्ती उकळण्याची परंपरा इंग्रजांच्या धड्यावर अवलंबून नव्हती. लखनौच्या काश्मिरी मोहल्ल्यात नवाबी काळापासून काश्मिरी कुटुंबे नांदली, आणि गुलाबी चहाचे मूळही काश्मीरचेच. त्यात हिरवी पत्ती चिमूटभर सोड्यासह दीर्घकाळ उकळतात, गार पाणी ओतून पळीने उंचावरून घुसळतात. अर्क लालभडक होतो आणि दूध पडताच गुलाबी. वर बालाई, म्हणजे साय. मसाल्याचा चहाही नवा नाही : सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज प्रवाशाने तेथे चहात मसाले घालतात, अशी नोंद केली आहे.

उकळण्याचे कारण केवळ स्वस्त, बारीक पत्ती हेच, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. १९३० च्या सुमारास आसामात पत्ती दाणेदार करणारे सीटीसी यंत्र आले, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच दाणेदार पत्तीने बाजार व्यापला; दूध-साखरेला पेलेल असा कडक रंग तीच देते. पण स्वस्ताई प्रसाराचा उलगडा करते, पद्धतीच्या उगमाचा नाही. काश्मिरी चहा तर अख्ख्या पानांचाच उकळतात. म्हणून चांगला चहा कसा करावा याचे एकच उत्तर नाही. दार्जिलिंगची नाजूक पत्ती झाकूनच मुरवावी, दाणेदार पत्तीला दुधासह दोन उकळ्या द्याव्यात. लखनौच्या स्वयंपाकघरांनी फलक नाकारला नाही. हाती आलेल्या पत्तीला आपली जुनी उकळी लावून पाहिली, आणि निवाडा चवीवर सोडला. नवाबांच्या नावापेक्षा हे श्रेय त्या घरांचे आहे.