चिखल्याच्या खाणीतली इंग्रजी

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ वसलेले चिखला हे गाव शालेय भूगोलात एका ओळीपुरते येते : येथे मॅंगनीजची खाण आहे. बहुतेक मराठी वाचकांचा या गावाशी तेवढाच परिचय. पण शंभराहून अधिक वर्षे इथल्या खनिजाबरोबर इंग्रजी शब्दांचीही ये-जा चालू आहे. काही शब्द साहेबाच्या तोंडून खाणीत उतरले. काही या परिसरातल्या नावांवरून घडले आणि जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले. या देवघेवीचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण कठीण इंग्रजी शब्द शिकायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'प्रगत शब्दसंग्रह' या मथळ्याखाली लांबलचक याद्या असतात : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द. मुले त्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आपली जुनी परंपरा अशी नव्हती. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्याबरोबर कँडी बंधू होते आणि पंडितांचा ताफा होता. त्या कोशात अर्थाशेजारी शब्दाचा उपयोग, वाक्प्रचार, म्हणीही सापडतात. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना वाक्यांतून इंग्रजी शिकवली. शब्द वापरात दाखवायचा, हे सूत्र दोन्हीकडे होते. ते याद्यांमध्ये हरवले.

चिखल्यात ते अजून शाबूत आहे. मध्यप्रांतात १९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या मनसर भागात मॅंगनीज काढायला सुरुवात झाली आणि लवकरच हा उद्योग भंडारा-बालाघाटपर्यंत पसरला. त्यामागे १८९६ साली स्थापन झालेले इंग्रजांचे खनिज-शोध मंडळ होते. त्याच्या वारसदार कंपनीच्या खाणींतून १९६२ साली आजची 'मॉईल' उभी राहिली आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली. मालक बदलले, भाषिक प्रांतही बदलले. खाणीतले शब्द मात्र तेच राहिले.

पहिला शब्द 'मॅंगनीज' हाच घ्या. ग्रीसच्या थेसाली प्रांतात मॅग्नेशिया नावाचा भाग होता. त्याच्या नावावरून मॅग्नेट, मॅग्नेशियम आणि मॅंगनीज हे तिन्ही शब्द आले. मुले परीक्षेत मॅग्नेशियम आणि मॅंगनीज यांत गोंधळतात, यात नवल नाही. ती एकाच घरची भावंडे आहेत. 'पायरोलुसाइट' हे मॅंगनीजचे खनिज. ग्रीक भाषेत 'पायर' म्हणजे अग्नी आणि 'लुओ' म्हणजे धुणे. काचेत लोखंडाच्या अंशामुळे हिरवट झाक येते. वितळत्या काचेत हे खनिज टाकले की ती निघून जाते, म्हणून हे नाव. काच कारागीर त्याला आपला साबणच म्हणत. एवढे सांगितल्यावर हा शब्द पाठ करावा लागत नाही. शिवाय 'पायर' एकदा ओळखीचा झाला की शवदहनाच्या चितेला इंग्रजीत जो शब्द आहे, तोही आपोआप उलगडतो.

आता खाणीत उतरू. मॅंगनीजचा थर जमिनीत तिरका जातो. तो खणून काढला की कामगाराच्या पायाखाली जो खडक असतो त्याला 'फुट वॉल' आणि डोक्यावर जो कललेला असतो त्याला 'हँगिंग वॉल' म्हणतात. कोशातले अर्थ जोडून 'लटकती भिंत' असे भाषांतर केले, तर कुणालाच काही कळणार नाही. पण सैल दगड सुटायचा तो त्याच भिंतीतून. तिथे शब्दाचा अर्थ कळणे म्हणजे धोका कुठल्या बाजूला आहे हे कळणे. खनिज काढून झाल्यावर पोकळी वाळू-पाण्याने भरतात, त्याला 'स्टोइंग' म्हणतात. 'स्टो' या क्रियापदाच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला 'जागा' असा अर्थ आहे. जहाजात माल जागच्या जागी नीट रचण्यासाठी खलाशी तेच क्रियापद वापरतात. समुद्र कधी न पाहिलेल्या भंडाऱ्याच्या कामगाराने खलाशांचा शब्द असा आपलासा केला.

'स्ट्राइक'ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. भूशास्त्रज्ञ थर कुठल्या दिशेने पसरला आहे ते सांगताना 'स्ट्राइक' म्हणतो; हा अर्थ जर्मन शब्दावरून आला. कामगार संपाला 'स्ट्राइक' म्हणतो. तो अर्थ १७६८ साली लंडनच्या खलाशांनी शिडे उतरवून काम बंद पाडले, तिथून रूढ झाला. एकाच खाणीत दोन्ही अर्थ नांदतात आणि कुणाचीही फसगत होत नाही, कारण कोण कुठे बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. यादीतल्या शब्दाला नेमका हा आधार नसतो.

'मेट' हा शब्द तर आता मराठीच झाला आहे. १९६१ च्या धातुखाण नियमावलीत मेट हे कायदेशीर पद आहे. कामाची जागा सुरक्षित आहे की नाही हे पाहणे त्याच्याकडे असते. मूळ जर्मनिक शब्दाचा अर्थ एकत्र जेवणारा सोबती. इंग्रजीतला 'मीट' त्याच कुळातला. आपला 'मुकादम' अरबीतून आला. त्याचा अर्थ पुढे असणारा. कामावरच्या प्रमुखाला एका भाषेने पंगतीत बसवले, दुसरीने सर्वांपुढे उभे केले.

आता उलटा प्रवास. १९०९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे लुईस ली फर्मर यांचा भारतातल्या मॅंगनीज साठ्यांवरचा भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजी प्रवासवर्णनाचे शब्दप्रभू लेखक पॅट्रिक ली फर्मर हे त्यांचे चिरंजीव. वडिलांनीही इंग्रजीला शब्द दिले, पण ते आपल्या मातीतले. या पट्ट्यातल्या मॅंगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झच्या खडकाला त्यांनी 'गोंडाईट' म्हटले, गोंड लोकांच्या नावावरून. नागपूरकडच्या बेलडोंगरीवरून 'बेलडोंग्राइट', छिंदवाड्यातल्या सीतापारवरून 'सीतापाराइट'. यांतले काही शब्द टिकले नाहीत. सीतापाराइट म्हणजे अमेरिकेत आधीच नोंदलेले बिक्सबाइट, असे नंतर ठरले आणि जुन्या नावाचा मान राखून सीतापार मागे पडले. चिखल्याच्या शेजारची सितासावंगी मात्र टिकली : १९६३ च्या सर्वेक्षणात सौंसर गटातल्या एका खडकमालिकेला तिचे नाव मिळाले आणि ते आजही रूढ आहे.

गोंडाईटही टिकला. ज्या गोंडांच्या नावाने १८८५ साली एडुआर्ड झ्युस यांनी एका प्राचीन महाखंडाला 'गोंडवानालँड' म्हटले, त्यांचेच नाव या खडकाला आहे. हे सारे इंग्रजी शब्दकोशात व भूशास्त्रात दाखल आहे. परंतु मी पाहिलेल्या एकाही प्रगत शब्दसंग्रहाच्या पुस्तकात गोंडाईट नाही. गोंड घरातले मूल दूरदेशीचे शब्द घोकते आणि आपल्या समाजाचे नाव इंग्रजीत आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

१९५२ च्या खाण कायद्याच्या बासष्टाव्या कलमाने कायद्याचा गोषवारा इंग्रजीबरोबर इतर विहित भाषांतही खाणीजवळ लावणे बंधनकारक केले होते. कामगाराला शब्द समजला पाहिजे, ही जबाबदारी कायद्याने मानली. शाळेने ती मानायला काय हरकत आहे? तुमसर तालुक्यातल्या एखाद्या शाळेने वही घालावी : शब्द, तो कुठे ऐकला, कोणत्या कामात, मूळ काय, एक वाक्य. निवृत्त खाणकामगारांना वर्गात बोलवावे. हँगिंग वॉल म्हणजे काय ते त्यांच्याइतके कुणीच सांगू शकणार नाही. त्यांच्या आठवणी आहेत तोवर हे काम व्हायला हवे. पहिल्या पानावर गोंडाईट लिहावा आणि पुढच्या पानावर मेट.