मळीत स्टार्च कुठं असतो?

बी.एस्सी.च्या वर्गात अल्किल नायट्राइटं शिकवत होतो. नाव देण्याचा नियम सोपा आहे. नायट्राइट ज्या अल्कोहोलपासून बनलं, त्याच्या अल्किल गटाचं नाव आधी लावायचं. मिथेनॉलपासून मिथिल नायट्राइट, इथेनॉलपासून इथिल नायट्राइट. मग फळ्यावर पाच कार्बन एका ओळीत काढले आणि शेजारी लिहिलं, 'अमायल नायट्राइट – हृदयविकारावरचं जुनं औषध'. याचं अल्कोहोल मळीपासून दारू गाळतानाही मिळतं, असं सांगितलं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात मळी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ढोकीचा तेरणा कारखाना, रांजणीचा नॅचरल शुगर. वर्गात ऊसवाल्यांची पोरंच जास्त. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अमायलेज स्टार्च पचवतं ना? मग अमायल म्हणजे स्टार्चचं. पण मळीत स्टार्च कुठं असतो?"

मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो," म्हणालो. शोधायला बसलो तेव्हा कळलं, की माझी फळ्यावरची आकृतीही चुकीची होती, आणि ती मी वर्षानुवर्षं तशीच काढत आलो होतो.

सुरुवात शब्दापासून केली. लॅटिनमध्ये स्टार्चला 'अमायलम' म्हणतात. तो शब्द ग्रीकमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'जात्यावर न दळलेलं'. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात, तो हाच. युरोपात बटाट्यातल्या स्टार्चपासून दारू गाळत. इथेनॉल निघून गेल्यावर मागं एक उग्र वासाचं तेलकट द्रव्य उरे. हलक्या दारूला जर्मन लोक 'फ्यूजेल' म्हणत, म्हणून ते फ्यूजेल तेल. त्यातलं मुख्य अल्कोहोल स्टार्चच्या घरचं, म्हणून त्याला 'अमायल' नाव मिळालं. नाव ठेवणाऱ्यांनी घराणं पाहिलं; हाडांचा सांगाडा पाहायची सोय तेव्हा नव्हती. कार्बनला चार हात असतात आणि त्याच्या साखळ्या होतात, हे केकुलेनं मांडलं ते 1858 साली.

त्याआधीच, 1844 मध्ये, फ्रान्सच्या आंत्वान बालार यानं अमायल नायट्राइट तयार केलं होतं. ब्रोमीनचा शोध लावणारा तो हाच. पुढं त्याच्याच प्रयोगशाळेत वाढलेल्या लुई पाश्चरनं 1855 मध्ये दाखवून दिलं, की फ्यूजेल तेलातलं अमायल अल्कोहोल एक नाही, दोन आहेत. एक ध्रुवित प्रकाश वळवतं, दुसरं वळवत नाही. दोघांतही पाच कार्बन आहेत, पण साखळी सरळ नाही. एकाला तिसऱ्या कार्बनवर फांदी, दुसऱ्याला दुसऱ्या. म्हणजे औषधाच्या कुपीतलं 'अमायल' मुख्यतः फांदीवालं, आणि मी सरळ साखळी काढत होतो.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 1907 पर्यंत थांबून होतं. त्या वर्षी जर्मनीच्या फेलिक्स एर्लिखनं दाखवलं, की ही अल्कोहोलं स्टार्चपासून होत नाहीत आणि थेट साखरेपासूनही नाहीत. यीस्ट ती अमिनो आम्लांपासून बनवतं. ल्यूसीनपासून एक, आयसोल्यूसीनपासून दुसरं. बटाटा असो की मळी, आंबवणारं यीस्ट तेच. स्टार्चचा संबंध फक्त नावापुरता राहिला.

मग सांगाड्याला महत्त्व काय? अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. नायट्राइट होताना अल्कोहोलचा ऑक्सिजन जागेवरच राहतो, पण त्याच्यावरचा हायड्रोजन जातो आणि ती पकड सुटते. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, इथिल नायट्राइट 17 अंशांनाच. आमच्या उन्हाळ्यात ते बाटलीबाहेर टिकायचं नाही. चार कार्बनांच्या नायट्राइटांत सरळ साखळीचं सुमारे 78 अंशांना उकळतं, फांदीचं 67ला, तीन फांद्यांचं 62च्या आसपास. अणू तेवढेच, फक्त मांडणी वेगळी. आयसोअमायल नायट्राइट 97–99 अंशांना उकळतं. म्हणून ते कुपीत द्रव राहतं, आणि कुपी फोडली की हुंगण्यापुरती वाफ सहज देतं.

एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत याच वाफेचा उपयोग झाला. गथ्रीनं 1859 मध्ये नोंदवलं होतं, की ती हुंगल्यावर चेहरा लाल होतो आणि मानेच्या धमन्या उडू लागतात. बालारनं नायट्राइट बनवलं त्याच वर्षी जन्मलेला लॉडर ब्रंटन 1867 मध्ये तिथं तरुण डॉक्टर होता. रोज रात्री छातीतल्या कळांनी तळमळणाऱ्या रोग्याचं रक्त काढलं की त्याला थोडा आराम पडे. ब्रंटननं ताडलं, की रक्तदाब उतरायला हवा. त्यानं कापडावर थोडं अमायल नायट्राइट टाकून हुंगायला दिलं. मिनिटभराच्या आत कळ थांबली.

वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात शेवटची काही वर्षं सॉर्बिट्रेटची पट्टी असायची. ते नायट्राइट नाही, नायट्रेट आहे. पण त्याच्याही नावात त्याचं अल्कोहोल दडलेलं आहे. सॉर्बिटॉल पहिल्यांदा सॉर्बस झाडाच्या फळांत सापडलं, म्हणून ते नाव. ती गोळी मी कितीदा त्यांच्या हातात दिली, नाव कधी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन फांदीवाल्या साखळ्या काढल्या आणि आधीची आकृती चूक होती, हे वर्गाला सांगितलं. मोठ्या साखळीखाली दोन नावं लिहिली: आयसोअमायल नायट्राइट आणि 3-मिथिलब्यूटिल नायट्राइट. पहिलं कुठून आलं ते सांगतं, दुसरं कसं बांधलंय ते. "परीक्षेत कुठलं लिहायचं?" असं विचारलंच कुणीतरी. दुसरं लिहा, म्हणालो, पण पहिलं विसरू नका. माझ्या गुणपत्रिकेवर उस्मानाबाद आहे, तुमच्या ओळखपत्रावर धाराशिव. दोन नावं सांभाळायची आपल्याला सवय आहे.