एंगल्सचे शेअर आणि भांडवलशाहीविरोधकाची नीती

भांडवलशाहीचा अंत इच्छिणाऱ्याने आपली शिल्लक शेअरांत गुंतवून तिच्या उत्पन्नावर राहावे काय, हा प्रश्न समाजवादी चळवळीत वारंवार उपस्थित झालेला आहे. त्याचा विचार करण्यास चळवळीच्या एका प्रवर्तकाचेच, फ्रीड्रिख एंगल्सचे (१८२०-१८९५), उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते.

१८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिणारा एंगल्स १८५० च्या अखेरीस मँचेस्टर येथील 'एर्मेन आणि एंगल्स' या सुताच्या पेढीत पुन्हा रुजू झाला. १८६४ मध्ये तो तिचा भागीदार झाला आणि १८६९ च्या जूनअखेर तीतून निवृत्त झाला. या नावडत्या व्यवसायाच्या प्राप्तीतून मार्क्सच्या कुटुंबाला आधार मिळाला व 'कॅपिटल'चा पहिला खंड (१८६७) सिद्धीस गेला. निवृत्तीनंतर एंगल्सने मार्क्सला सालीना ३५० पौंड बांधून दिले. स्वतःचा पैसा त्याने शेअरांत घातला. मृत्यूसमयी त्याच्या शेअरांची किंमत २२,००० पौंडांहून अधिक होती. त्यांत रेल्वे व गॅस कंपन्यांप्रमाणेच परदेशी व वसाहतींच्या सरकारी रोख्यांत पैसा गुंतविणारी एक संस्थाही होती.

या वर्तनाचे समर्थन त्याने स्वतःच केलेले आहे. १८८३ च्या आरंभी, शेअरबाजारावरील कराच्या वादाच्या निमित्ताने, एडुआर्ड बर्नस्टाइनला लिहिलेल्या पत्रात त्याने तीन मुद्दे मांडले. पहिला असा की, कामगारांकडून आधीच हिरावलेल्या वरकड मूल्याची वाटणी बदलणे एवढेच शेअरबाजाराचे कार्य असते. दुसरा असा की, शेअरांची खरेदी-विक्री करूनही मनुष्य समाजवादी राहू शकतो आणि त्या वर्गाचा तिरस्कार करू शकतो. आपण एकेकाळी कारखानदारीत भागीदार होतो याबद्दल क्षमायाचना करण्याचे कारण नाही. तिसरा असा की, उद्या बाजारात मोठा लाभ होऊन पक्षाला विपुल द्रव्य मिळणार असेल, तर आपण तेथे अवश्य जाऊ. यामागे 'कॅपिटल'च्या प्रस्तावनेतील भूमिका आहे : ज्या सामाजिक संबंधांतून व्यक्ती घडते, त्यांबद्दल तिला जबाबदार धरता येत नाही.

ही भूमिका दांभिक नाही. परंतु ती कितपत पुरेशी आहे? एंगल्सपाशी असलेल्या शेअरांत लंडनच्या साऊथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीचे शेअर होते. १८८९ मध्ये विल थॉर्नच्या पुढाकाराने गॅस-कामगारांचा संघ स्थापन झाला. मार्क्सची कन्या एलिनॉर त्या कार्यात अग्रभागी होती आणि एंगल्सला त्या चळवळीविषयी मोठी आस्था होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात या कंपनीत संप सुरू झाला व १८९० च्या फेब्रुवारीत तो पूर्णपणे मोडला गेला. पाच वर्षांनी एंगल्स वारला, तेव्हा त्याच कंपनीचा लाभांश त्याच्या उत्पन्नात जमा होत होता. येथे 'केवळ वाटणी'चा युक्तिवाद लंगडा पडतो. कारण भागधारकाचा लाभांश आणि कामगाराचे वेतन हे एकाच कंपनीच्या हिशेबातील दोन रकाने होत.

त्या युक्तिवादाला सर्वांत मोठा धक्का खुद्द एंगल्सनेच दिला. 'कॅपिटल'च्या तिसऱ्या खंडाला जोडण्यासाठी १८९५ मध्ये केलेल्या टिपणांत त्याने नमूद केले की, १८६५ नंतर शेअरबाजाराचे महत्त्व अतिशय वाढले असून उद्योग, व्यापार, शेती, सर्व उत्पादनच त्याच्या कक्षेत येत आहे. वसाहतींचा विस्तारही आता त्याचेच अंग झाला आहे. हे निदान मान्य केल्यास वसाहतींच्या रोख्यांत गुंतविलेला पैसा नैतिक दृष्ट्या निरुपद्रवी मानता येत नाही.

उरतो तो विनियोगाचा मुद्दा. मृत्युपत्रान्वये एंगल्सने जर्मन संसदेच्या निवडणुकांसाठी बेबेल व सिंगर यांच्याकडे १,००० पौंड सोपविले. मार्क्सच्या हयात कन्या व नातवंडे यांनाही मोठा वाटा दिला. हा विनियोग सर्वथा प्रामाणिक होता. तथापि विनियोगाने उगमाचा प्रश्न मिटत नाही. समाजव्यवस्थेबद्दल व्यक्ती दोषी नसते, एवढे एंगल्सच्या सिद्धांताने सिद्ध होते. कोणता शेअर ठेवावा आणि कोणता विकावा, या निवडीतून मात्र तो तिला मुक्त करीत नाही.