विद्येचे शुल्क आणि विद्यार्थ्याची शिदोरी

बिदरच्या जुन्या शहरात एक भग्न वास्तू आहे. तिच्या उरलेल्या मिनारावर रंगीत फरशांचे नक्षीकाम अद्याप दिसते. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने 1472 मध्ये उभारलेला हा मदरसा. इराणातील गीलान प्रांतातून आलेल्या या विद्याव्यासंगी पुरुषाने येथे तीन मजली इमारत बांधली, सुमारे तीन हजार ग्रंथ जमविले आणि दूरदूरचे पंडित बोलाविले. विद्यार्थ्याकडून शुल्क तर घेत नसतच, शिवाय त्याच्या निवासाची आणि भोजनाची तरतूदही संस्थाच करीत असे. 1481 मध्ये सुलतानाच्या आज्ञेने गवानचा शिरच्छेद झाला. 1696 मध्ये दारूच्या स्फोटाने इमारतीचा बराच भाग ढासळला.

निवास आणि भोजन हे दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे वार लावून जेवणारा आणि माधुकरी मागणारा विद्यार्थी गुरूला फी देत नव्हता, तरी त्याचे शिक्षण फुकट होत नव्हते. त्याचा खर्च गावातली घरे उचलीत होती. ज्या जातींच्या मुलांना असा वार मिळत नसे, त्यांच्यासाठी मात्र बिनफीची शाळाही बंदच होती. अमेरिकेतील टेनेसी राज्याने 2015 पासून स्थानिक दोन वर्षांच्या महाविद्यालयांची फी माफ केली, तेव्हा पहिल्याच वर्षी तेथील नवे प्रवेश सुमारे चतुर्थांशाने वाढले. फीचा अडसर किती मोठा असतो, हे त्यावरून दिसते. पुस्तके, भोजन आणि प्रवास यांचा खर्च मात्र तेथेही विद्यार्थ्याच्याच माथी राहिला.

निजामी राजवटीत बिदर-गुलबर्ग्याच्या मुलांपुढे आणखी एक दार होते, भाषेचे. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसी खरा, परंतु मराठी किंवा कानडी शेतकऱ्याच्या मुलाला ती भाषा परकीच. म्हणूनच 1907 मध्ये गुलबर्ग्यात नूतन विद्यालय आणि त्याच वर्षी हैदराबादेत विवेकवर्धिनी या संस्था खाजगी प्रयत्नाने उभ्या राहिल्या, याचे मोल मोठे आहे. तरीही 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरांत जेमतेम नऊ माणसे साक्षर निघाली.

1956 मध्ये भाषावार रचना झाली आणि बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद व औरादकडचा भाग म्हैसुरात; जहिराबाद व नारायणखेड आंध्रात. पुढे यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत, वार्षिक उत्पन्न 1200 रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ झाली. ही सवलत जात न पाहता उत्पन्न पाहून दिलेली होती, आणि शेतकरी घरांतील कितीतरी मुले तिच्या आधाराने प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढली. उदगीरला 1962 मध्ये महाविद्यालय निघाले. सारे श्रेय फीमाफीलाच देणे मात्र योग्य होणार नाही. घराजवळ महाविद्यालय नसते, तर माफ झालेली फी कोणाच्या उपयोगी पडली असती?

सीमेपलीकडेही प्रयत्न चालू होते. 1958 मध्ये महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने गुलबर्ग्यात हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी तिचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. परंतु महाराष्ट्राची फीमाफी महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरती होती. औरादकडील मराठी शेतकरी उदगीरच्या शेतकऱ्याइतकाच गरीब असला, त्याची सोयरीक उदगीरला असली, तरी त्याच्या मुलाचे नाव त्या यादीत बसण्यासारखे नव्हते.