विमानप्रवासाची ओहोटी व भरती (इ. स. २०२० ते २०२४) : आंकड्यांची साधनचिकित्सा

१

अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, हें तत्त्व या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु कागद अस्सल असला म्हणजे त्यावरून काढलेलें अनुमानही अस्सल ठरतें, असें मात्र नव्हे. शिक्का खरा, मिति खरी, हस्ताक्षर खरें, आणि तरीही ताळेबंदांतील कमाल आकार हाच प्रत्यक्ष वसूल समजून चाललेला संशोधक फसतो. हा धोका जुन्या दप्तरांपुरताच आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्यानें सोडून द्यावी. आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींच्या कागदांतही तो तितकाच आहे. त्याचें एक उदाहरण म्हणून कोरोनाच्या साथींत बसलेला व पुढें पुन्हां उभा राहिलेला विमानप्रवास मी येथें घेतला आहे. विषय अगदींच अर्वाचीन म्हणून कांहीं वाचकांस तो या पानांत परका वाटेल. पण आजचें वर्तमान तेंच उद्यांचें दप्तर, आणि तें विटण्यापूर्वीं तपासलेलें बरें.

'इ. स. २०२३ त भारतांतील विमानप्रवास साथीपूर्वींच्या पातळीवर आला,' असें विधान वारंवार वाचण्यांत येतें. तें खोटें नाहीं. पण तें किती खरें व कोणत्या अर्थीं खरें, हें पाहणें एवढाच या टिपणाचा उद्देश आहे.

२

प्रथम घटनाक्रम देतों. भारतांत येणारीं व भारतांतून जाणारीं नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणें ता. २३ मार्च २०२० पासून थांबलीं, ता. २५ मार्चपासून देशांतर्गत उड्डाणेंही बंद झालीं. परदेशीं अडकलेल्या भारतीयांस आणण्याकरितां 'वंदे भारत' मोहीम ता. ७ मे रोजीं सुरू झाली. दोन महिन्यांच्या खंडानंतर ता. २५ मे रोजीं देशांतर्गत विमानें पुन्हां उडूं लागलीं. पण तीं नियोजित वेळापत्रकाच्या सुमारें एक-तृतीयांश, आणि भाडेंही सरकारनें ठरविलेल्या किमान व कमाल मर्यादेंतच घ्यावयाचें. उड्डाणांची ही मर्यादा ४५, ६०, ७० अशी चढत ता. ३ डिसेंबर २०२० रोजीं ८० टक्क्यांवर गेली. दुसऱ्या लाटेमुळें ता. १ जून २०२१ पासून ती ५० वर उतरविण्यांत आली. आणि पुढें पुन्हां चढत जाऊन ता. १८ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वस्वीं उठली. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणें ता. २७ मार्च २०२२ पासून सुरू झालीं, व भाड्याचें बंधन ता. ३१ ऑगस्ट २०२२ रोजीं सुटलें.

हा क्रम ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील आंकडे वाचूं नयेत. कारण ज्या काळांत जागाच मोजून दिल्या जात होत्या, त्या काळांतील प्रवाशांची संख्या ही लोकांच्या इच्छेचें माप नव्हे. ती इच्छा, भय व परवानगी या तिहींचें मिश्रण आहे.

३

नागरी विमानवाहतूक महासंचालनालय दर महिन्यास देशांतर्गत प्रवाशांची संख्या प्रसिद्ध करतें. त्यावरून वार्षिक आंकडे असे निघतात : इ. स. २०१९ त १४४१.७१ लाख, २०२० त ६३०.११ लाख, २०२१ त ८३८.१४ लाख, २०२२ त १२३२.४५ लाख, २०२३ त १५२०.३२ लाख, आणि २०२४ त १६१३.३१ लाख. ओहोटी व भरती यांत स्पष्ट दिसते. आतां यांवर चार आक्षेप घेऊन पाहूं.

पहिला आक्षेप शब्दाचा. या दप्तरांतील 'प्रवासी' म्हणजे मनुष्य नव्हे, तर एका मनुष्याचा एक प्रवास. एकच व्यापारी वर्षांत दहा वेळां उडाला, तर तो येथें दहा प्रवासी होतो. तेव्हां '१५ कोटी भारतीय विमानांत बसले' असें जे लिहितात, ते पाटीवरील नांवें व हजेरीचे दिवस यांची गल्लत करतात. विमानतळांच्या गणनेंत तर देशांतर्गत प्रवासी चढतांना एकदां व उतरतांना एकदां असा दोनदां येतो. म्हणूनच २०१९-२० या आर्थिक वर्षाचा सर्व विमानतळांचा आंकडा ३४ कोटींच्या घरांत दिसतो. दोन्ही आंकडे अस्सल. पण एकाचा दुसऱ्याशीं ताळा घालूं गेल्यास घोटाळा ठरलेला.

दुसरा आक्षेप वर्षाचा. २०२० हें साथीचें वर्ष म्हणून त्याचा आंकडा साथीचा समजण्याची रीत पडली आहे. परंतु त्या वर्षाच्या ६३० लाख प्रवाशांपैकीं ३२९ लाख हे जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतील, म्हणजे बहुतेक बंदीपूर्वींचे आहेत. निम्म्याहून अधिक जमा ही आपत्ति येण्याआधींची आहे! उरलेल्या नऊ महिन्यांच्या वांट्यास अवघे ३०१ लाख येतात. वार्षिक बेरजेनें आपत्तीची खोली अर्धी झांकली, ती अशी.

तिसरा आक्षेप टक्क्यांचा. २०२१ त प्रवासी ३३ टक्क्यांनीं वाढले, हें खरें. पण ते २०१९ च्या ५८ टक्केच होते, हेंही तितकेंच खरें. २०२२ त वाढ ४७ टक्के झाली, तरी पातळी ८५ टक्क्यांच्या आसपासच राहिली. खड्ड्यांतून वर येणाऱ्याची चढण मोठी दिसते, याचें कारण खड्डा खोल असतो.

चौथा आक्षेप मानवर्षाचा, आणि माझ्या मतें तो सर्वांत महत्त्वाचा. तुलनेस २०१९ च कां घ्यावें? त्या वर्षीं ता. १७ एप्रिल रोजीं जेट एअरवेज या मोठ्या कंपनीचीं उड्डाणें थांबलीं होतीं, आणि त्या सालची वाढ चार टक्क्यांहूनही कमी होती. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २०१७ च्या ११७१.७६ लाखांवरून २०१८ च्या १३८९.७६ लाखांवर जातांना, ती १८ टक्क्यांहून अधिक होती. म्हणजे ज्या काठीनें आपण भरती मोजतों, ती काठीच थोडी तुटलेली आहे. २०१९ पासून २०२३ पर्यंत चार वर्षांची एकत्रित वाढ साडेपांच टक्क्यांच्या आंतच भरते. हरवलेला प्रवासी परत आला, पण मधलीं वर्षें परत आलीं नाहींत.

४

महिन्यांचे आंकडे पाहिल्यास वार्षिक बेरजेंत न दिसणारी गोष्ट दिसते. भरती एका ओघानें आली नाहीं. ती तीन वेळां ओसरली. एप्रिल २०२० त नियमित देशांतर्गत प्रवासी शून्य. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत २.८१ लाख. तेथून चढत चढत फेब्रुवारी २०२१ त ७८.२७ लाख झाले. दुसऱ्या लाटेंत, मे २०२१ मध्यें, ते २१.१५ लाखांवर कोसळले. पुन्हां चढून डिसेंबर २०२१ त ११२.०२ लाख झाले. आणि लागलीच जानेवारी २०२२ त, ओमिक्रॉनच्या लाटेंत, ६४.०८ लाखांवर आले.

यांतील शेवटची ओहोटी विशेष विचारार्ह आहे. त्या वेळीं देशांतर्गत उड्डाणांवर मर्यादा नव्हती. ती तीन महिन्यांपूर्वींच उठली होती. तरीही एका महिन्यांत प्रवासी ४३ टक्क्यांनीं घटले. तेव्हां ही घट परवानगीची नसून मुख्यतः भयाची व सावधगिरीची होय. पण त्याच वर्षाच्या मार्चांत ते पुन्हां १०६ लाखांवर गेले. २०२० त पुष्कळ जाणत्यांनीं असा पूर्वपक्ष मांडला होता कीं, दूरदृश्य सभांची संवय लागल्यामुळें प्रवासाची इच्छाच मरेल. भय सरतांच दोन महिन्यांत माणसें परत येतात, हें या पूर्वपक्षास उत्तर आहे. इच्छा मेली नव्हती. ती दारांत उभी होती. मात्र हेंही सांगितलें पाहिजे कीं, प्रवासी परतला म्हणून कंपनीही सावरली असें होत नाहीं. ज्या २०२३ सालीं २०१९ चा आंकडा ओलांडला, त्याच सालीं मे महिन्यांत गो फर्स्ट या कंपनीचीं विमानें जमिनीवर राहिलीं तीं पुन्हां उडालीं नाहींत.

जगाचा क्रमही याहून फारसा भिन्न नाहीं. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना प्रवासी-किलोमीटर हें माप वापरते, म्हणजे किती माणसें किती अंतर गेलीं याचा गुणाकार. त्या मापानें २०२० त घट सुमारें ६६ टक्के झाली. २०२१ तही प्रवास २०१९ हून ५८ टक्के कमीच होता. २०२२ त तो ६८.५ टक्क्यांवर व २०२३ त ९४ टक्क्यांवर आला. आणि २०२४ त प्रथम २०१९ ची रेषा ३.८ टक्क्यांनीं ओलांडली. देशांतर्गत प्रवास सर्वत्र आधीं सावरला, सीमा ओलांडणारा मागाहून. चीननें येणाऱ्यांवरील विलगीकरणाची सक्ति ता. ८ जानेवारी २०२३ रोजीं उठविली, यावरून उशिराचें एक मोठें कारण उघड होतें. तेव्हां 'प्रवास केव्हां सावरला?' या प्रश्नास एक उत्तर नाहीं; कोणाचा, कोठला व कोणत्या मापानें, हें आधीं सांगावें लागतें.

५

जुन्या साथींशीं तुलना करण्याचा मोह येथें होतो. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वर ओळखला. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोकांनीं शहर सोडलें. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊं लागली. आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. तोच कायदा २०२० त पुन्हां उपयोगांत आला, हा धागा खरा आहे. मुंबईची लोकसंख्या १८९१ त ८,२१,७६४ होती, ती १९०१ त ७,७६,००६ झाली, आणि १९११ त ९,७९,४४५ वर गेली. एवढ्यावरून 'शहर ओसरतें व पुन्हां भरतें' असा सामान्य सिद्धांत काढणें सोपें आहे. पण त्या वेळीं लोक रोगापासून पळत होते, म्हणून प्रवास वाढला होता. २०२० त विमान थांबलें, कारण प्रवास हेंच रोगाचें वाहन ठरलें होतें. एक साम्य मात्र निर्विवाद आहे. दोन्ही वेळीं जो नोंदला गेला तोच दप्तरांत उरला. २०२० च्या उन्हाळ्यांत विमानानें गेलेल्या प्रत्येक मनुष्याची गणना झाली. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याहून पायीं आपल्या गांवीं निघालेल्या मजुरांची अशी गणना कोणत्याही मासिक पत्रकांत नाहीं. उद्यांचा संशोधक आंकड्यांनाच समग्र सत्य मानील, तर हे लोक चाललेच नाहींत असें त्यास वाटेल.

६

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. २०२० च्या डिसेंबरांत मी कांहीं कामानिमित्त पुण्याहून दिल्लीस विमानानें गेलों होतों. मधल्या आसनावर बसणाऱ्यास अंगावर घालावयास पांढरा झगा व तोंडावर पारदर्शक पडदा देत, तो मलाही मिळाला. दिल्लीहून महाराष्ट्रांत परततांना रोग नसल्याचा तपासणी-दाखला दाखवावा लागे, तोही मीं बरोबर ठेविला होता. परत आल्यावर विमानाचें प्रवेशपत्र मीं रघुवंशाच्या एका पोथींत खुणेसाठीं घातलें. दोन वर्षांनीं पोथी सोडली, तों पत्र पूर्ण कोरें! उष्णतेनें उमटविलेलीं तीं अक्षरें आपोआप विरून गेलीं होतीं. आणि ज्या जुन्नरी कागदाच्या दोन पानांमध्यें तें होतें, त्यांवरील बोरूचीं काळीं अक्षरें जशींच्या तशीं होतीं.

तेव्हांपासून मला असें वाटूं लागलें आहे कीं, ज्या काळाचे आंकडे इतके विपुल, त्याच काळाचे कागद सर्वांत अल्पायुषी आहेत. डिसेंबर २०२२ पासून कांहीं विमानतळांवर डिजियात्रा सुरू झाल्यानें चेहरा हीच ओळख झाली, व कागदाचें उरलेंसुरलें कामही कमी झालें. ज्यांच्या घरीं त्या तीन वर्षांचीं प्रवेशपत्रें, ई-पास, तपासणी-दाखले, रद्द तिकिटांचीं पत्रें असतील, त्यांनीं त्यांच्या टिकाऊ कागदावर नकला करून, मूळ पत्र उजेड व उष्णता यांपासून दूर ठेवावें. आणि पाठीमागें प्रवास कोणाचा, कशासाठीं, हें दोन ओळींत लिहून ठेवावें. पत्रकांतील १६१३.३१ लाख या आंकड्यांत सर्व प्रवास आहेत. पण आईच्या अंत्यदर्शनास पोंचूं न शकलेल्या मुलाचें रद्द तिकीट त्यांत नाहीं. तें कोणाच्या तरी कपाटांत आहे, व त्यावरील अक्षरें रोज थोडथोडीं पुसट होत आहेत.