हायड्रॉलिक जॅक : बिघाड आणि निगा

हायड्रॉलिक जॅक : बंदिस्त तेलावर दाब देऊन मोटारीसारखे जड वाहन थोड्या श्रमात उचलणारे हातसाधन. उभ्या नळकांड्याचा बॉटल जॅक आणि चाकांवर सरकणारा बुटका ट्रॉली जॅक हे त्याचे नेहमीचे प्रकार. दोन्हींची आतली रचना एकाच तत्त्वावर चालते, म्हणून दुखणीही बहुतेक सारखीच असतात.

दांडी वर केली की लहान दट्ट्या टाकीतले तेल ओढतो, खाली दाबली की तेच तेल मोठ्या दट्ट्याखाली जाते. वाटेत दोन झडपा असतात, बहुधा पोलादी छर्ऱ्यांच्या. एक ओढलेले तेल टाकीत परतू देत नाही, दुसरी वर चढवलेले तेल पंपात उतरू देत नाही. लहान दट्ट्याचा व्यास 1 सेंमी. आणि मोठ्याचा 3 सेंमी. धरला, तर क्षेत्रफळ नऊपट भरते. दांडीच्या तरफेने आणखी 20 पट लाभ झाला, तर हाताचा 10 किग्रॅ. जोर, घर्षण वगळता, 1,800 किग्रॅ. भार तोलतो. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते : लहान दट्ट्या 18 मिमी. सरकतो तेव्हा गाडी जेमतेम 2 मिमी. वर येते.

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा दट्ट्याच्या कडेने होणारी गळती हीच मुख्य अडचण होती. दाब वाढेल तसे स्वतःच घट्ट बसणारे चामड्याचे सील वापरल्यावर ती सुटली. याचे श्रेय ब्रामांच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ली यांना दिले जाते. सहज उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचे पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांना 1851 मध्ये मिळाले. चामड्याच्या जागी आता रबर आले, तरी जॅकचे आयुष्य अजून त्या सीलवरच अवलंबून आहे.

जॅक अजिबात उचलत नसेल, तर खोलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : भार उतरवण्याची झडप पूर्ण बंद आहे का आणि आत हवा शिरली आहे का. बॉटल जॅक डिकीत आडवा लोळत राहिला की पंपात हवा जाते आणि दांडी स्पंजासारखी दबते. अशा वेळी जॅक भाराविना सरळ उभा करावा, उतरवण्याची झडप सैल करून दांडी दहापंधरा वेळा भराभर मारावी आणि झडप बंद करावी. अनेकदा दुरुस्ती इथेच संपते. ठरावीक उंचीपर्यंत चढून जॅक थांबत असेल, तर तेल कमी आहे.

झडपांचा दोष दांडीच सांगते. भार असताना दांडी आपोआप वर उचलली जात असेल, तर पंपाकडे परतणारे तेल अडवणारी झडप धरत नाही. दांडी बिनविरोध चालते आणि भार जागचा हलत नाही, तेव्हा संशय ओढीच्या झडपेवर घ्यावा. दोन्हींत छर्ऱ्याखाली अडकलेला रेतीचा कण पुरेसा असतो. उचललेली गाडी हळूहळू बसत असेल, तर उतरवण्याची झडप किंवा मोठ्या दट्ट्याचे सील पाहावे. दट्ट्याभोवती तेल दिसले, तर सीलच गेले आहे. जॅक खाली येत नसेल, तर दट्ट्या वाकला किंवा गंजला असावा. ट्रॉली जॅकमध्ये परतीची स्प्रिंगही तुटलेली असू शकते.

तेल हायड्रॉलिक जॅकचेच घालावे. ब्रेक ऑइल कधीही घालू नये : ते ग्लायकॉलवर आधारलेले असते, त्याने जॅकमधले नायट्राइल रबराचे सील फुगते, मऊ पडते आणि चांगला जॅक कामातून जातो. तेल भरताना दट्ट्या पूर्ण खाली असावा आणि पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच ठेवावी. वर चढवून भरले तर दट्ट्या खाली येताना परतणाऱ्या तेलाला जागा उरत नाही. दुधट तेल म्हणजे पाणी शिरले, काळे कण म्हणजे सील झिजते आहे. दोन्हींत तेल बदलावे. खोलताना छर्रे निघाले त्याच क्रमाने ठेवावेत, कारण त्यांचे आकार वेगळे असू शकतात. नवे सील तेलात भिजवून, ओठ दाबाच्या बाजूला ठेवून बसवावे. ठेवताना दट्ट्या आत घेऊन जॅक उभाच ठेवावा. बाहेर राहिलेला दट्ट्या पावसाळी दमटपणात गंजतो आणि तो खरखरीत पृष्ठभाग पुढे सील कापत जातो.

भार मर्यादित ठेवणारी सुरक्षा झडप कारखान्यात लावलेली असते. तिला हात लावू नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली शिरण्याआधी जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावून गाडी स्टँडवर टेकवलीच पाहिजे, कारण सील फाटायला आधी सूचना लागत नाही. दुरुस्तीनंतर जॅकवर भार घेऊन दट्ट्यावर खडूची खूण करावी आणि दहा मिनिटे थांबावे. खूण हलली, तर जॅक पुन्हा खोलावा.